गावात राहते कोण?

महाराष्ट्रातल्या एखाद्या गावाची लोकसंख्या आज विचारली, तर ग्रामपंचायतीतून मिळणारा आकडा बहुधा २०११ च्या जनगणनेचा असतो. ती शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली आणि मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत तिची फेरतपासणी झाली. नियम असा होता की या मुदतीत जो माणूस घरी राहिला, निदान काही दिवस तरी राहून गेला, तो त्या घरचा धरायचा. जो पूर्ण मुदत बाहेर असेल त्याची नोंद तो असेल तिथे करायची. नियमात खोट काढण्यासारखे काही नाही. पण फेब्रुवारीत बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली गावे कशी असतात? दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडलेल्या असतात, घराघराला कुलपे असतात, मागे उरलेली म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडे एवढाच गावाचा संसार असतो. कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये हीच गावे पुन्हा भरतात. कोकणात याच्या उलट. एरवी सुनी असलेली वाडी शिमग्याला आणि गणपतीला माणसांनी फुलते आणि दहा-पंधरा दिवसांत रिकामी होते. एकाच गावाचे हे दोन आकडे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. गावाची लोकसंख्या समजून घ्यायची, तर माणसे किती हा प्रश्न पुरत नाही. ती केव्हा असतात, कोठून येतात, कोठे जातात आणि गावचे म्हणून कोणाला धरले जाते, हेही विचारावे लागते. पुढची सगळी पाने या एका म्हणण्याभोवती रचलेली आहेत.

लोकसंख्याशास्त्राचा पाया साधा आहे. माणसे जन्मतात, मरतात, येतात आणि जातात; या चार गोष्टींच्या बेरीज-वजाबाकीतून कोणत्याही जागेची लोकसंख्या बनते. देशाच्या पातळीवर पहिल्या दोन गोष्टी इतक्या मोठ्या असतात की उरलेल्या दोन जवळजवळ विसरल्या तरी चालते. गावात तसे होत नाही. महाराष्ट्राची २०११ ची ग्रामीण लोकसंख्या वस्ती असलेल्या गावांत वाटून दिली तर सरासरी गाव सुमारे दीड हजारांचे निघते. राज्याचा जन्मदर आज हजारी पंधराच्या आसपास आणि मृत्युदर हजारी सहाच्या आसपास धरला, तर अशा गावात वर्षाला बावीस-तेवीस बाळे जन्मतील आणि नऊ माणसे जातील. म्हणजे वर्षाची भर तेरा-चौदा माणसांची. ऊसतोडीची दहा-बारा कोयत्यांची, म्हणजे दहा-बारा जोडप्यांची, एकच टोळी मुकादमाबरोबर निघाली तरी त्यापेक्षा जास्त माणसे एका दिवसात गावाबाहेर पडतात. एका घराण्याने पुण्याला बिऱ्हाड हलवले, गावाजवळ औद्योगिक वसाहत आली, धरणात शिवार गेले, की आकडा जन्ममृत्यूची वाट न पाहता बदलतो. देशासाठी घडवलेली मोजमापे तशीच गावाला लावली की चूक होते ती इथे.

आणि गाव म्हणजे तरी काय? जनगणना मोजते ते महसुली गाव: ज्याची शीव ठरलेली आहे आणि जमिनीचे दप्तर तलाठ्याकडे आहे ते. त्यात एक गावठाण आणि चार वाड्या असू शकतात, एखादी वाडी मूळ गावापेक्षा मोठीही असते. दप्तरात नाव असून एकही माणूस राहत नाही अशी बेचिराख गावेही असतात; महाराष्ट्राच्या सुमारे ४४ हजार महसुली गावांपैकी अडीच हजारांहून अधिक गावे २०११ मध्ये निर्मनुष्य होती. दुसऱ्या टोकाला, पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशेची दाटी आणि तीन चतुर्थांश कामकरी पुरुष शेतीबाहेर, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की कारभार ग्रामपंचायतीचा असूनही जनगणना त्या गावाला शहर म्हणते. देशात अशी जनगणना-शहरे २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये जवळजवळ ३,९०० झाली. देशाच्या शहरी वाढीचा मोठा भाग अशा गावांचा आहे, ज्यांतली माणसे कोठेही गेली नाहीत. त्यांचे काम आणि त्यांच्या गावाचे नाव तेवढे बदलले. या अटीत बायकांचे काम धरलेच जात नाही, हेही जाता जाता ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे गाव मोजण्याची परंपरा इंग्रजांच्याही आधीची आहे. मराठी अमदानीच्या दप्तरांत खानेसुमारीचे कागद आहेत. घरे, कुळे, बैल, नांगर यांची मोजदाद करून वसूल ठरे. त्या कागदांना माणसापेक्षा कर देणारे घर महत्त्वाचे होते, म्हणून त्यांतून लोकसंख्या काढायची तर अंदाजाने गुणाकार करावा लागतो. गावातल्या माणसांकडे माणसे म्हणून पाहणारा पहिला तपशीलवार वृत्तान्त पेशवाई बुडाल्यानंतर लगेचच लिहिला गेला. पुण्याजवळच्या लोणीकंदबद्दल डॉ. थॉमस कोट्स यांनी १८२० च्या सुमारास मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात गावातली घरे, जाती, खाणेपिणे, कर्जे असे सगळे आले आहे. या गावावर सव्वाशे वर्षांनी गो. स. घुर्ये यांनी पुन्हा काम केले आणि १९६० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मधल्या काळात गावाविषयी एक मोठी कल्पना रुजली होती. चार्ल्स मेटकाफ यांनी १८३० मध्ये भारतीय गावाला छोटे प्रजासत्ताक ठरवले. राजवटी येतात-जातात, गाव मात्र तसेच राहते, असा त्यांचा आशय. हेन्री मेन यांनी ती कल्पना विद्वत्तेच्या जगात नेली. मग ती राष्ट्रीय चळवळीतल्या अनेकांनाही आवडली. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधानसभेत तिच्यावर कठोर टीका केली, ती गावातल्या जातीच्या अनुभवातून. पुढे एम. एन. श्रीनिवास यांनी समाजशास्त्राच्या अंगाने दाखवून दिले की स्वयंपूर्ण, अलिप्त गाव कधी नव्हतेच. लग्न, बाजार, देवस्थान, जातपंचायत या सगळ्या गोष्टी गावाच्या शिवेबाहेर पसरलेल्या होत्या. लोकसंख्येच्या अभ्यासात मात्र न हलणारे गाव आजही चोरपावलांनी परत येते, कारण न हलणारी वस्तू मोजायला सोपी असते.

मराठी वाचकाला या विषयाची ओळख त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’तून होते. कुणबी, बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते यांच्या परस्परसंबंधांचे असे दर्शन दुसरीकडे नाही, आणि गावाबाहेरून येऊन गावावर पोट भरणाऱ्यांची आत्रे यांनी घेतलेली दखल, तिच्यातला त्यांचा पूर्वग्रह वगळून वाचली, तर अजून उपयोगी आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांचा पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जमिनीच्या जुन्या नोंदींवरून त्यांनी दाखवले की १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांची असलेली धारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. हा आकडा पुढे देशभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला आणि लोकसंख्येच्या भाराने जमिनीचे तुकडे होतात याचा दाखला बनला. पण मान यांनीच ओळखले होते की हे गाव पुणे-खडकीच्या फार जवळ आहे, इथल्या माणसांना बाहेरची मजुरी मिळते. म्हणून ना. वि. कानिटकर यांच्यासह त्यांनी दूरचे, कोरडवाहू जातेगाव बुद्रुक निवडले आणि १९२१ मध्ये त्यावर दुसरे पुस्तक काढले. ही निवड मला त्यांच्या निष्कर्षांपेक्षा मोलाची वाटते. गावाची लोकसंख्या गावाबाहेरच्या गोष्टींवर ठरते, हे त्या निवडीत मान्य केलेले आहे. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरात उंच इमारतींखाली आहे. तिथे सात एकरांचा हिशेब कोणी करत नाही.

जनगणनेचा इतिहासही या प्रश्नाभोवतीच फिरतो. १८८१ पासून १९३१ पर्यंत देशभर एकाच रात्री मोजणी होई. चांदण्याची रात्र निवडत, आणि जत्रा, सण, लग्नसराई टाळण्याचा प्रयत्न करत, म्हणजे माणसे आपापल्या ठिकाणी सापडावीत. एका रात्रीचे गाव म्हणजेच गाव, हे त्यात गृहीत होते. तरीही या मोजण्यांनी जे दाखवले ते दुसऱ्या कशातून कळले नसते. १८७६-७८ चा दुष्काळ, १८९६ पासूनचा प्लेग, १८९९-१९०० चा दुष्काळ आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा यांच्या खुणा त्या आकड्यांत आहेत. १९११ मध्ये देशाची लोकसंख्या २५.२१ कोटी होती, १९२१ मध्ये २५.१३ कोटी भरली. दशकाच्या शेवटी आधीपेक्षा माणसे कमी, असे भारताच्या जनगणनेत एकदाच घडले. मुंबई इलाख्याला इन्फ्लुएंझाच्या साथीचा तडाखा फार मोठा बसला. प्लेगच्या काळात गावेच्या गावे शिवारात झोपड्या बांधून राहत. त्या जुन्या दुष्काळांची १९७२ च्या दुष्काळाशी तुलना करून पाहावी. पाऊस तेव्हाही फसला होता, धान्यही नव्हते, पण खडी फोडण्याची कामे, नंतर कायदा झालेली रोजगार हमी आणि अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी यांच्या आधाराने माणसे जगली. दुष्काळ आणि मृत्यू यांची जुनी सांगड सुटली, आणि ती सुटल्यावर दुष्काळ माणसांना मारण्याऐवजी हलवू लागला. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या याच काळानंतर फुगली.

स्वातंत्र्यानंतर विषयाची सूत्रे जननाच्या प्रश्नाकडे गेली. १९४१-५१ या दशकात भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. मृत्यू घटू लागले तसे जन्मही घटले पाहिजेत, हा विचार बळावला. र. धों. कर्वे यांनी तो १९२१ मध्येच मुंबईत मांडला होता आणि त्यासाठी हालही सोसले होते. १९५२ मध्ये सरकारी कार्यक्रम सुरू झाला. पण खेड्यात जन्म किती होतात, बालके किती दगावतात, हे कोणाला नेमके माहीत नव्हते. पोलीस पाटलाच्या वहीत अर्धे जन्म लागत नसत, आणि वय विचारले तर माणसे वीस, पंचवीस, तीस, चाळीस असेच सांगत. आलेखावर शून्य आणि पाचाच्या आकड्यांवर उंच मनोरे उभे राहत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी १९५३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या जनन-मृत्यूची पाहणी प्रसिद्ध केली, आणि कुमुदिनीबाईंनी पुढे ग्रामीण समाजांच्या लोकसंख्येवर आयुष्यभर काम केले. घरोघर जाऊन, वय ठरवायला दुष्काळ आणि साथींच्या आठवणींचा आधार घेऊन, मेलेल्या मुलांची नोंद आयांकडून हळुवारपणे काढून घेण्याची ती पद्धत आहे. मराठीत या कामाची जेवढी ओळख असायला हवी तेवढी नाही.

याच काळात पंजाबच्या लुधियाना जिल्ह्यात खन्ना अभ्यास नावाने ओळखला गेलेला मोठा प्रयोग झाला. संततिनियमनाची साधने गावात नेऊन दिली तर जन्मदर उतरतो का, हे त्यात पाहायचे होते. अपेक्षेएवढा उतरला नाही. महमूद ममदानी यांनी त्याच भागातल्या मनुपूर गावात जाऊन १९७२ च्या पुस्तकात याचा खुलासा केला. गरीब शेतकऱ्याला मुले ही शेतावरचे हात आणि म्हातारपणची सोय म्हणून हवी होती. आलेल्या पाहुण्यांचा मान राखण्यासाठी लोक गोळ्या घेत आणि ठेवून देत. लोक गरीब आहेत कारण त्यांना मुले फार आहेत, की मुले फार आहेत कारण ते गरीब आहेत, हा वाद तेव्हापासून धारदार झाला. ममदानींचा खुलासा मला त्या वेळेपुरता पटतो, पण तो पुढच्या इतिहासाला पुरा पडला नाही. जॉन कॉल्डवेल, पी. एच. रेड्डी आणि पॅट कॉल्डवेल यांनी कर्नाटकातल्या खेड्यांत पाहिले की शाळेने मुलांचा हिशेबच उलटा केला. कमावणारी मुले खर्चाची झाली, मुलींची लग्ने लांबली, आणि गरिबी संपायची वाट न पाहता जन्म घटले. दरम्यान आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीने गावांच्या मनात सरकारी आरोग्याविषयी जी भीती बसवली, तिची किंमत पुढे लसीकरणापर्यंत मोजावी लागली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीचे विधेयक संमतही केले होते. त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली नाही म्हणून ते राहिले. दोनपेक्षा अधिक अपत्ये असल्यास पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, हा २००१ पासूनचा नियम त्याच विचाराचा सौम्य वारस आहे, आणि त्याचा जाच पुरुषांपेक्षा राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्या बायकांना जास्त होतो.

या सगळ्या वादात एका मराठी संशोधिकेचे काम बाजूला पडले होते. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांचे प्रदेश आखले. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावी दिली जाते. दक्षिणेत ती नात्यात, जवळ राहते. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात, जिथे मामाची मुलगी करण्याची चाल अनेक जातींत होती. तीस वर्षांनी टिम डायसन आणि मिक मूर यांनी असाच उत्तर-दक्षिण भेद पुढे ठेवून जननदर, बालमृत्यू आणि मुलींची घटती संख्या यांचा संबंध मांडला, आणि नातेसंबंध हा लोकसंख्याशास्त्राचा विषय झाला. मला हा धागा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०११ मध्ये देशात सुमारे ४५ कोटी लोक जन्मगावाबाहेर किंवा आधीच्या वास्तव्याबाहेर राहत होते, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी स्थलांतराचे कारण लग्न सांगितले. त्या बहुतेक सगळ्या बायका आहेत. कोणत्याही मराठी गावात विवाहित बायकांपैकी फारच थोड्या त्या गावात जन्मलेल्या असतात. म्हणजे गावची म्हणून जी वस्ती आपण स्थिर समजतो, तिच्यातला प्रौढ स्त्रियांचा भाग जवळजवळ सगळा बाहेरून आलेला आहे, आणि गावात जन्मलेल्या मुली दुसऱ्या गावांच्या आकड्यांत आहेत. गावाचा इतिहास पुरुषांच्या वंशावळीवर लिहिला जातो तेव्हा निम्मी माणसे या हिशेबातून गळतात. स्थलांतर हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर मुंबईची गाडी पकडणारा तरुण येतो. अठरा-वीस वर्षांची नवी सून येत नाही, हा आपल्या पाहण्यातला दोष आहे.

ऊसतोडीत या दोन स्थलांतरांची गाठ पडते. एक कोयता म्हणजे एक जोडपे. मुकादम उचल देतो ती जोडीच्या हिशेबाने. एकट्या मुलाला उचल कमी किंवा मिळतच नाही. मग हंगामापूर्वी लग्न उरकण्याची घाई होते, आणि मुलीला मागे गावात एकटी ठेवण्याची भीती त्यात भर घालते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी पाचांतल्या एकीहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांआधी झालेले आढळले. लवकर लग्न, लवकर बाळंतपणे, फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, न मिळणारी विश्रांती, आणि तिशीच्या आतबाहेर गर्भाशय काढून टाकणे, या साखळीची चर्चा बीडमुळे झाली; २०१९ मध्ये सरकारला त्यावर समिती नेमावी लागली. त्याच बीडमध्ये सहा वर्षांखालच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ८९४ होत्या, २०११ मध्ये ८०७ राहिल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, त्याच राज्यातली ही घसरण आहे. श्रमाचा बाजार, लग्नाचे वय, मुलींची संख्या आणि आईचे आरोग्य हे चार वेगवेगळ्या खात्यांचे विषय धरले तर यातले काहीच उलगडत नाही. गावाच्या पातळीवर ती एकाच घरातली गोष्ट असते.

कोकणाची कहाणी निराळी. गिरण्यांच्या काळापासून पुरुष मुंबईला आणि बाया गावी, अशी विभागणी होती. म्हणून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे बायका नेहमी हजारावर. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. याच दशकात स्त्रियांचे प्रमाणही रत्नागिरीत ११३६ वरून ११२२ पर्यंत आणि सिंधुदुर्गात १०७९ वरून १०३६ पर्यंत उतरले. दोन्ही घसरणी एकत्र वाचल्या तर मला अर्थ असा दिसतो की आता एकटा चाकरमानी जात नाही, कुटुंब जाते. घर राहते, बाग राहते, सातबाऱ्यावर नावे वाढत जातात, माणसे राहत नाहीत. गोव्यातल्या अनेक गावांतली बंद घरे याच प्रकारची, फक्त तिथून निघालेली वाट समुद्रापार जाते.

आज या विषयाचे महत्त्व काय, असे विचारणारे म्हणतील की लोकसंख्येचा प्रश्न सुटला. त्यात तथ्य आहे. देशाचा एकूण जननदर २०१९-२१ च्या पाहणीत दोनवर आला, महाराष्ट्राचा १.७ वर. लोकसंख्यावाढीची जुनी भीती आता खेड्यांना लावणे अन्यायाचे आहे. पण जन्म घटले की प्रश्न संपत नाहीत, त्यांची जागा बदलते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे काय करायचे, हा वाद घटत्या जन्मांचाच आहे. तो केवळ शिक्षणखात्याच्या काटकसरीचा विषय म्हणून लढला जातो. महाराष्ट्रात साठीपुढची माणसे २०११ मध्येच दहातली एक होती, आणि तरुण बाहेर गेलेल्या गावांत त्यांचा वाटा याहून पुष्कळ मोठा असणार. त्यांना औषध आणून देणारे कोणी घरात नसते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला, त्याची पुष्कळ थट्टा झाली. त्यामागे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी न जन्मलेल्या मुली होत्या आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे घर नाकारू लागलेल्या आजच्या मुली होत्या. थट्टेचा तो विषय नाही. आणि २०२० च्या टाळेबंदीत गावांच्या शाळांमध्ये विलगीकरणात बसलेली माणसे आठवावीत: गावाबाहेर गावचे किती लोक आहेत, हे अनेक ग्रामपंचायतींना तेव्हा पहिल्यांदा कळले.

एक आक्षेप कारभाराच्या बाजूने येतो. ग्रामपंचायतीत सात सदस्य की सतरा, निधी किती, उपकेंद्र पाच हजारांना की डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांना, या सगळ्यासाठी एकच ठाम आकडा लागतो. हंगामानुसार हलणारी लोकसंख्या घेऊन कोणता कारकून हिशेब करील? आक्षेप रास्त आहे. जनगणनेचा एक आकडा काढून टाकावा असे इथे कोणी म्हणत नाही. पण तोच आकडा दहा वर्षे, आणि आता तर त्याहून जास्त, सर्व कामांसाठी वापरला की नुकसान ठरावीक लोकांचे होते. रेशन गावी आणि माणूस फडावर, अंगणवाडी गावी आणि मूल कोपीत, असे होते. कारखान्याच्या भोवतीच्या गावांत हंगामात हजारो माणसे राहतात आणि त्यांच्यासाठी तिथे पाण्याचा एक नळही वाढत नाही, कारण तिथल्या नोंदीत ती नाहीत. एका आकड्याला महिना आणि वय जोडले तरी पुष्कळ साधेल, आणि ते काम आशाताई व अंगणवाडीसेविका आपापल्या वह्यांत आजही करतात. त्या वह्या एकमेकींना भेटत नाहीत एवढेच.

दुसरा आक्षेप विद्वानांचा आहे: एका गावावरून काय सिद्ध होते? सहा लाख चाळीस हजार गावांच्या देशात एक गाव म्हणजे काहीच नाही. प्रमाण काढायचे असेल तर हे खरे आहे, आणि त्यासाठी नमुना पाहण्या आहेत. कार्यकारण समजायचे असेल तर मात्र त्याच घरांकडे पुन:पुन्हा जावे लागते. उत्तर प्रदेशातल्या पालनपूर गावाची १९५७-५८ पासून दर दशकात पाहणी झाली. पन्नास वर्षांत माणसे दुपटीहून वाढली, जमीन तेवढीच राहिली, आणि तरी गाव उपाशी मेले नाही, कारण पुरुष मुरादाबाद आणि चंदौसीकडे कामाला जाऊ लागले. मान यांच्या सात एकरांतून जो शेवट अटळ वाटला असता, तो आला नाही. सोलापुरातले शिरापूर आणि कळमण, अकोल्यातले कानझरा आणि किनखेड या गावांत १९७५ पासून इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने घराघराचे हिशेब ठेवले. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून आणि गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून केलेल्या कामात गाव हे मोजण्याचे आणि बदलण्याचे असे दोन्ही ठिकाण झाले. गडचिरोलीत घरोघर झालेले बालमृत्यू नोंदले गेले, म्हणून तर गावातल्याच बाईला नवजात बाळ वाचवायला शिकवता आले. त्यावरचा १९९९ चा शोधनिबंध जगभर वाचला गेला आणि देशाच्या धोरणात उतरला. एका मुलखातल्या काही गावांवरून एवढे सिद्ध झाले.

या पुस्तकाने घेतलेले काम यापेक्षा लहान आहे. जिज्ञासू वाचक, शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य, ग्रामीण महाविद्यालयांतले विद्यार्थी यांना आपल्या गावाची लोकसंख्या वाचता यावी, हा त्याचा हेतू. जनगणनेची गावनिहाय कोष्टके, जन्ममृत्यूची नोंदवही, शाळेचा पट, मतदारयादी, शिधापत्रिका ही प्रत्येक नोंद गावाचे एकेक वेगळे माप देते. ती एकमेकांशी का जुळत नाहीत हे विचारले की गाव दिसू लागते, अशी या पुस्तकाची रीत आहे. मतदारयादीत असलेला आणि शिरगणतीत नसलेला माणूस कोण, पटावर असलेले मूल हंगामात कोठे असते, जन्म माहेरी नोंदला की सासरी, असे प्रश्न प्रत्येक प्रकरणात येतील. सूत्रे आणि कोष्टके कमी ठेवली आहेत. जिथे दर काढावा लागतो तिथे तो वहीवर काढता येईल असा सांगितला आहे. विदर्भ, मराठवाडा, देश, कोकण यांना समान पाने दिलेली नाहीत. मराठवाड्याला जास्त जागा मिळाली आहे, आणि ती जाणूनबुजून दिली आहे.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे, म्हणजे मोजणी पुन्हा गळीत हंगामातच पडते. १९३१ नंतर प्रथमच तिच्यात सर्व जातींची नोंद होणार आहे. या दोन्ही गोष्टींचा गावाच्या आकड्यावर काय परिणाम होईल, हे आधीच ताडून पाहण्याची संधी वाचकांना आहे, म्हणून ऑक्टोबर आणि फेब्रुवारी अशा दोन महिन्यांत गाव मोजण्याची साधी प्रश्नावली शेवटी दिली आहे. एक उणीव मात्र राहिली आहे आणि ती लहान नाही. ज्यांना महसुली गावच नाही, ज्यांच्या पालांची जागा दर दोन महिन्यांनी बदलते, त्या भटक्या आणि विमुक्त जमातींची लोकसंख्या गाव हे एकक धरून सापडत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांना पोलिसांच्या हजेरीत मोजले, आणि १९५२ मध्ये तो कायदा गेल्यावर त्यांना दुसऱ्या कोणत्या वहीत नीट लिहिले गेले नाही. त्यांच्यासाठी शीव सोडून वाटांवरून मोजणी करावी लागेल. ते काम या पुस्तकाने केलेले नाही.